उंडेऱ्याचे ऋण

ज्याच्या हाती औषध आहे, निदान आपल्या हाती औषध आहे असे ज्यास मनापासून वाटते, त्याने समोर बसलेल्या दोघांपैकी एकास ते द्यावे, दुसऱ्यास जाणूनबुजून देऊ नये, आणि पुढे त्यांतील कोण जगतो व कोण मरतो याची नोंद वहीत करून ठेवावी, हे कृत्य धर्म्य म्हणावे की अधर्म्य, असे विचारले असता कोणीही सरळ मनाचा मनुष्य ते अधर्म्यच आहे असे क्षणाचाही विलंब न लावता सांगेल. तथापि गेल्या सव्वाशे वर्षांत वैद्यकाने जे काही निश्चयाने मिळवले आहे, त्याचा फार मोठा भाग याच कृत्याच्या पोटी जन्मास आला आहे, आणि आज आपण व आपली मुलेबाळे ज्या लसींच्या व औषधांच्या आश्रयाने निर्धास्त जगतो आहोत, त्यांच्या मुळाशी गेले तर बहुधा असाच एखादा विभागलेला जनसमूह आढळतो, ज्यातील अर्ध्यांना दिले गेले आणि अर्ध्यांना दिले गेले नाही.

आपल्या परंपरेने वैद्याचा धर्म सांगताना काही हातचे राखलेले नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना गुरूने करावयाचा जो उपदेश आहे, त्यात रोग्याच्या आरोग्यासाठी सर्वभावे झटावे, आणि स्वतःच्या जिवावर बेतले तरी रोग्याचा द्रोह करू नये, असे निक्षून सांगितले आहे. परंतु या उपदेशातला रोगी नेहमी एकच असतो; तो वैद्याच्या समोर असतो, त्याला नाव असते, त्याची नाडी वैद्याच्या बोटांखाली असते. जो अद्याप आजारी पडलेला नाही, जो दुसऱ्या प्रांतात राहतो, किंबहुना जो अजून जन्मासही आलेला नाही, त्याच्याविषयी वैद्याचे काही कर्तव्य आहे काय, आणि ते समोरच्या रोग्याविषयीच्या कर्तव्याच्या आड आले तर काय करावे, या प्रश्नाला तेथे उत्तर नाही, कारण तो प्रश्न त्या काळी उत्पन्नच झाला नव्हता. आपल्याकडे तो प्रथम ठसठशीतपणे उभा राहिला तो मुंबईच्या व बडोद्याच्या भूमीवर, प्लेगच्या सालांत. म्हणून त्याचा विचार हवेत न करता त्या सालांच्या आधारे करणेच मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका रोग्याला पाहून, गोव्यातील हडफडे येथे जन्मलेले डॉक्टर अकासियो गॅब्रिएल व्हिएगास यांनी हा ग्रंथिक सन्निपात म्हणजे प्लेगच होय असे निदान केले, आणि थोड्याच आठवड्यांत शहर अक्षरशः ओस पडू लागले. ऑक्टोबरात सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञास मुंबईस पाठवले. हाफकिन १८६० साली ओडेसा येथे एका यहुदी कुटुंबात जन्मले, मेचनिकॉफ यांच्या हाताखाली शिकले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली, आणि १८९३ पासून ते हिंदुस्थानात ती लस टोचत गावोगाव हिंडत होते. मुंबईत त्यांना जागा मिळाली ती भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १८४५ साली सुरू झालेल्या या कॉलेजास संशोधनाची परंपरा अगदीच नव्हती असे नाही. ग्रे यांच्या सुविख्यात शारीरग्रंथाची चित्रे ज्यांनी काढली, त्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी येथेच अध्यापन केले होते आणि १८७७ च्या साथीत उलटून येणाऱ्या तापाचे जंतू मुंबईच्याच रोग्यांच्या रक्तात पाहिले होते. परंतु हाफकिन यांना देण्यात आलेला सरंजाम पाहता, केवढ्या कार्यास हे साहित्य दिले जात आहे याची देणाऱ्यांना कल्पना नसावी असेच म्हणावे लागते: एक खोली, तिच्या बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई.

या खोलीत पुढचे तीन महिने जे चालले त्याच्या तपशिलात एक गोष्ट आहे, जिच्यापाशी मी थोडा थांबतो. येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँग येथे प्लेगचा जंतू शोधला होता; तो विपुल प्रमाणात वाढवून मग उष्णतेने मारावयाचा, आणि त्या मृत जंतूंची लस टोचून शरीरास जिवंत जंतूंशी झुंजण्यास सिद्ध करावयाचे, अशी हाफकिन यांची योजना होती. जंतू वाढवण्यासाठी त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस घेतला, आणि त्याच्या पृष्ठावर तुपाचे थेंब सोडले. त्या तरंगत्या तुपाच्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबत येई, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तशी, आणि भांडे हलवले की ते सुळके तुटून तळाशी जात व वर नवी वाढ सुरू होई. ज्या देशात तूप यज्ञात आहुती म्हणून पडते, श्राद्धाच्या पानावर अन्नशुद्धी म्हणून पडते, त्या देशात ते मृत्यूचा जंतू पोसण्याच्या कामी यावे आणि त्या पोसण्यातून जीवनाचे साधन निघावे, यात मला काहीही विपरीत दिसत नाही. परंतु बकऱ्याच्या मांसाचा अंश शरीरात जाणार ही गोष्ट अनेक शाकाहारी हिंदूंना व जैनांना अंतःकरणापासून असह्य होती, आणि ती असह्य वाटणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होण्याची जी सवय सुशिक्षितांना त्या वेळी होती व अजूनही आहे, ती मला अन्यायाची वाटते. आपल्या जीवितासाठी दुसऱ्या जीवाची हिंसा घडू नये असा आग्रह धरणारा मनुष्य तोच प्रश्न विचारत असतो जो या लेखाचा विषय आहे, फक्त तो पशूच्या संबंधात विचारत असतो. हाफकिन यांचे मोठेपण असे की त्यांनी या आग्रहाची कधी हेटाळणी केली नाही.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली, आणि तीही इतरांना पुढे देण्यात आलेल्या मात्रेच्या कितीतरी अधिक, म्हणजे दहा घन सेंटीमीटर. ताप चढला, टोचलेल्या जागी वेदना झाल्या, आणि ते उतरल्यावर त्यांनी पुन्हा कामास आरंभ केला. पटकीच्या लसीच्या वेळी, १८९२ साली, त्यांनी हेच केले होते. आपल्याकडच्या वाचकाला या ठिकाणी दधीचीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही, आणि ते होणे योग्यच आहे. देवांनी याचना केली आणि ऋषीने आपल्या अस्थी दिल्या, या कथेत त्यागाचे जे शुद्ध रूप आहे, त्याच्या जवळपास जाणारे काहीतरी त्या खोलीत घडले यात शंका नाही.

परंतु येथेच एक कठोर भेद ध्यानात घ्यावा लागतो. त्यागाने कर्त्याची शुद्धता सिद्ध होते, लसीचा गुण सिद्ध होत नाही. हाफकिन यांना लस टोचून घेतल्यावर प्लेग झाला नाही. परंतु त्या जानेवारीत मुंबईतल्या लक्षावधी लोकांना लस न टोचताही प्लेग झाला नव्हता. एका मनुष्याच्या शरीराने, तो कितीही थोर असला तरी, फार तर एवढाच दाखला मिळतो की लस घातक नाही; ती तारक आहे की नाही हे सांगण्यास दुसरे शरीर लागते, ज्यास ती दिलेली नाही. आपल्या न्यायशास्त्राने हे फार पूर्वीच जाणले होते. धूर असेल तेथे अग्नी असतो, एवढा अन्वय पाहून नैयायिक संतुष्ट होत नाही. अग्नी नसेल तेथे, जसे जलाशयात, धूरही नसतो, हा व्यतिरेक दाखवल्यावाचून व्याप्तीचा निश्चय पुरा होत नाही. परंतु नैयायिकाचा व्यतिरेक म्हणजे एक जलाशय. त्याला दुःख होत नाही. वैद्यकाचा व्यतिरेक म्हणजे लस न टोचलेला मनुष्य. तर्कशास्त्राची एक निरुपद्रवी पायरी नीतिशास्त्राचा सर्वांत बिकट घाट होते ती या ठिकाणी.

जानेवारी संपता संपता भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, आणि हा व्यतिरेक पाहण्याची पहिली संधी आली. कैद्यांपैकी जे पुढे आले त्यांना लस टोचण्यात आली, उरलेल्यांना नाही. आणि टोचलेल्यांत रोगाचे व मृत्यूचे प्रमाण न टोचलेल्यांच्या मानाने पुष्कळच कमी आढळले. या प्रयोगाविषयी दोन गोष्टी सांगावयास हव्यात. एक तर, तुरुंगाच्या भिंतीआड, पहारेकऱ्याच्या देखत दिलेली संमती ही संमती होय काय, हा प्रश्न त्या काळी कोणास विचारावासा वाटला नाही, तो आपण विचारला पाहिजे; ज्याच्या हालचालीवर, अन्नावर व निद्रेवर दुसऱ्याचा अंमल चालतो, त्याचा होकार हा जामीन म्हणून फार कच्चा आहे. दुसरी गोष्ट शास्त्राची. जे आपण होऊन पुढे आले ते कदाचित अधिक धट्टेकट्टे, अधिक जपून राहणारे असतील, आणि म्हणून ते वाचले असतील, असा आक्षेप घेणाऱ्यास तुरुंगातील आकड्यांनी निरुत्तर करता येत नव्हते. येथे नीतीची आणि शास्त्राची परस्परविरुद्ध ओढ अगदी उघडी पडते: नीती म्हणते, ज्याची इच्छा असेल त्यालाच टोचा, शास्त्र म्हणते, इच्छेवर सोपवलेत तर तुम्हाला सत्य कळणार नाही.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंडेरा या गावी, सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात, शास्त्राने आपले म्हणणे पुरे करून घेतले. हे गाव बडोदे शहरापासून काही मैलांवर आहे. तेथे प्लेग शिरला होता. हाफकिन आणि त्यांचे सहकारी यांनी दरबारच्या अधिकाऱ्यांच्या साहाय्याने गावातील कुटुंबे एकेक करून समोर बसवली, आणि प्रत्येक कुटुंबातील माणसे पुरुष, स्त्रिया, मुले, सशक्त, अशक्त असा मेळ राहील अशा बेताने अर्धी अर्धी केली. एका अर्ध्यास लस टोचली, दुसऱ्यास टोचली नाही. घर एक, चूल एक, उंबरठा एक, अंगणातले उंदीरही तेच. भेद होता तो केवळ त्या एका टोचणीचा. काही आठवड्यांनी परत येऊन, ज्या घरांत प्लेग झाला होता तेथील हिशेब मांडला, तेव्हा टोचलेल्यांपैकी ३ मेले होते आणि न टोचलेल्यांपैकी २६. दोन्ही बाजूंची माणसे संख्येने जवळजवळ समसमान होती.

हे दोन आकडे मी प्रथम वाचले तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेले नाहीत, आणि ते जावेत अशी माझी इच्छाही नाही. त्या काळापर्यंत जगात कोणत्याही रोगाच्या लसीचा इतका स्वच्छ, इतका निर्विवाद दाखला क्वचितच मिळाला असेल. प्लेग कसा पसरतो हेही तेव्हा निश्चित ठाऊक नव्हते. पिसवेचा संबंध सिमाँ यांनी त्याच वर्षी कराचीत दाखवला आणि तोही मान्य होण्यास वर्षे लागली. अशा अज्ञानाच्या काळोखात उंडेऱ्याने दिलेला पुरावा हा एकच भक्कम आधार होता, आणि त्याच्या जोरावर मुंबईच्या प्रयोगशाळेतून १९२५ पर्यंत दोन कोटींहून अधिक मात्रा देशोदेशी गेल्या. पण हा सर्व हिशेब मान्य करूनही २६ हा आकडा २६ च राहतो. एखाद्या घरी बापाला टोचले असेल आणि आईला नसेल. एखाद्या घरी दोन भावांपैकी थोरल्याला टोचले असेल. ज्या हाताने एकाच्या दंडात सुई घातली तोच हात दुसऱ्याच्या दंडापाशी येऊन मागे फिरला.

या कृत्याचे समर्थन करताना जे पहिले उत्तर सुचते ते मला सर्वांत अग्राह्य वाटते, आणि दुर्दैवाने ते आपल्याच धर्मग्रंथांच्या नावाने दिले जाते. लोकसंग्रहासाठी, पुष्कळांच्या कल्याणासाठी थोड्यांचा नाश झाला तर तो सोसला पाहिजे, असे ते उत्तर आहे. परंतु गीतेतला लोकसंग्रह कर्त्याकडून मागतो. जनकाने काय करावे, अर्जुनाने काय करावे, हे तो सांगतो. दुसऱ्याच्या प्राणांची आहुती देऊन तिचे पुण्य आपल्या खात्यात जमा करावे असा त्याचा अर्थ जो लावतो, त्याने गीता वाचलेली नाही. दधीचीपाशी देव याचना करण्यास गेले, त्यांनी त्याला झोपेत मारले नाही; कथेचे सर्व तेज त्या याचनेत व त्या होकारात आहे. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात कर्मजिज्ञासा या प्रकरणी अहिंसा, सत्य इत्यादी धर्मांचे परस्परांशी विरोध कसे उत्पन्न होतात याची जी विस्तृत चर्चा केली आहे, तिच्यावरून एवढे तरी शिकावयास हवे की अशा प्रसंगी मोठा आकडा लहान आकड्यास खाऊन टाकतो असे गणित धर्मात चालत नाही. कर्त्याची बुद्धी कोणती होती, हे पाहावे लागते. ते लोकमान्य प्लेगच्या दिवसांत पुणे सोडून गेले नाहीत, आणि त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ साली प्लेगनेच गेला, हेही येथे विसरता येत नाही.

दुसरे उत्तर टंचाईचे आहे. लस थोडी आहे, सर्वांना पुरणार नाही, तेव्हा कोणास मिळावी हे श्रीमंतीने, वशिल्याने वा जातीने ठरण्यापेक्षा वाटणीने ठरले तर त्यात अन्याय नाही. हे उत्तर खरे असते तेव्हा बळकट असते. १९४८ साली स्ट्रेप्टोमायसिनचा जो प्रयोग इंग्लंडात प्रसिद्ध झाला आणि ज्यापासून आधुनिक चिकित्साप्रयोगांचे युग सुरू झाले असे मानतात, तेथे औषध खरोखरच तुटपुंजे होते, आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी त्या तुटपुंजेपणातूनच यदृच्छ वाटणीची रीत नीतीला पटेल अशी करून घेतली. परंतु उंडेऱ्यात अर्ध्यांना लस न देण्याचे कारण टंचाई हे नव्हते. कारण सत्य हवे होते हे होते. म्हणून हे उत्तरही येथे लागू पडत नाही.

उरते तिसरे उत्तर, आणि पुष्कळ विचाराअंती मला तेच एक टिकणारे दिसते. न्यायशास्त्राने आपल्या सोळा पदार्थांत संशयाला स्वतंत्र स्थान दिले आहे, आणि ते प्रमाण व प्रमेय यांच्या लगेच पाठोपाठ दिले आहे; जेथे संशय नाही तेथे न्यायाची प्रवृत्तीच होत नाही, जे निश्चित झाले आहे त्याची परीक्षा करण्याचे कारण उरत नाही. हाच नियम मी वैद्याला लावतो. जोवर लस तारक आहे की निरुपयोगी, किंवा कदाचित घातकही, याविषयी खराखुरा, प्रामाणिक संशय आहे, तोवर जो अर्धा समूह लसीवाचून राहिला त्याच्यापासून काही हिरावून घेतले असे म्हणता येत नाही. कारण काय दिले जात आहे हेच अजून ठाऊक नाही. ज्या क्षणी तो संशय फिटला, त्या क्षणी तेच कृत्य वध होते. संशयाच्या एका बाजूस जिज्ञासा आहे आणि दुसऱ्या बाजूस पाप आहे. मधली रेषा अत्यंत बारीक आहे, आणि ती कोठे आहे हे ज्याला आपली लस गुणकारी ठरावी अशी आस लागलेली आहे त्यालाच ठरवावे लागते, ही यातली खरी भयंकर गोष्ट होय.

हाफकिन यांना संशय होता काय? स्वतःच्या लसीवर त्यांची श्रद्धा होती. नसती तर त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली नसती. पण श्रद्धा आणि निश्चय यांत जे अंतर आहे ते त्यांना स्पष्ट दिसत होते, आणि माझ्या मते हीच त्यांची नैतिक उंची आहे. आपली श्रद्धा खरी आहे म्हणून सर्वांना टोचत सुटणारा मनुष्य अधिक दयाळू दिसला असता. त्याची लस निरुपयोगी निघाली असती तर त्याच्या दयेने लोकांना खोटा भरवसा देऊन प्लेगच्या तोंडी दिले असते. आपल्या दयेवरही संशय घेणे ही दयेची अधिक कठीण कोटी आहे. त्याच वेळी, त्याच प्लेगमध्ये, मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचल्या आणि १० मार्चला त्याच रोगाने निवर्तल्या. तेथे अर्धे अर्धे करणे नव्हते, एक मूल होते आणि एक पाठ होती. या दोहोंत श्रेष्ठ कोण असे कोणी विचारले तर मी उत्तर देणार नाही. एवढेच म्हणेन की सावित्रीबाईंची करुणा ज्याला कळत नाही, त्याच्या हाती उंडेऱ्याची वही कधीही देऊ नये.

संशयाची ही रेषा ओलांडली म्हणजे काय होते याचा दाखला पुढच्या शतकाने अमेरिकेत दिला. आलाबामातील टस्कीगी येथे १९३२ पासून सरकारी आरोग्यखात्याने उपदंश झालेल्या सुमारे ४०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारावाचून ठेवून त्यांच्या रोगाचा क्रम पाहण्याचे काम आरंभले, आणि पेनिसिलिनने हा रोग बरा होतो हे निर्विवाद ठरल्यानंतरही ते १९७२ पर्यंत चालू ठेवले. बाहेरून पाहणाऱ्यास उंडेरा व टस्कीगी सारखीच दिसतील: दोन्हीकडे दुर्बळ लोक, दोन्हीकडे वही, दोन्हीकडे न दिलेले औषध. परंतु एका ठिकाणी संशय होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता; आणि माझ्या मते धर्म व अधर्म यांतील अंतर तेवढेच आणि तेवढे मोठे आहे. याच्या उलट, मद्रासेत १९५६ पासून क्षयरोग्यांवर झालेल्या प्रयोगात घरी राहून औषध घेणारे आणि इस्पितळात राहणारे यांची तुलना झाली, आणि घरचा उपचार इस्पितळाच्या तोडीचा ठरला. खाटेवाचून राहणाऱ्या गरिबाला खाटेची गरजच नाही हे ज्ञान त्या संशयातून निघाले, आणि जगातील असंख्य गरीब घरांना त्याने दिलासा दिला.

हाफकिन यांच्या वाट्याला पुढे जे आले ते सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरे होत नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले; सर्वांना एकाच बाटलीतली लस टोचली होती. तहकीकात झाली, दोष मुंबईच्या प्रयोगशाळेच्या माथी मारण्यात आला, आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही गोष्ट अहवालात असूनही तिला योग्य वजन मिळण्यास वर्षे गेली. रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली जाहीरपणे बाजू मांडली तेव्हा कोठे ते निर्दोष ठरले. या अन्यायाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्या १९ जणांविषयीही तितकेच लिहिले जावे असे वाटते. ते उंडेऱ्याच्या २६ जणांचे दुसरे टोक आहेत: ते टोचले गेले म्हणून मेले, हे टोचले गेले नाहीत म्हणून मेले, आणि दोघांच्याही मरणातून वैद्यक शहाणे झाले.

त्या मृतांनी आपल्याला जे दिले त्याला दान म्हणता येणार नाही, कारण दानाला दात्याचा संकल्प लागतो आणि तो तेथे नव्हता; सरकारी अधिकाऱ्यासमोर बसवलेल्या रयतेने आपल्या वाट्यास आले ते मुकाट्याने घेतले, याला संकल्प म्हणणे म्हणजे मृतांच्या तोंडी आपल्या सोयीचे शब्द घालणे होय. त्याला यज्ञही म्हणता येणार नाही, कारण यजमान दुसराच होता. शतपथ ब्राह्मणात मनुष्य जन्मतःच देव, ऋषी व पितर यांच्या जोडीला मनुष्यांचाही ऋणी असतो असे म्हटले आहे, आणि मला या प्रसंगाला लागू पडणारी दुसरी कल्पना सापडत नाही. ऋणाला घेणाऱ्याचीच कबुली पुरते. देणाऱ्याने जाणूनबुजून दिले नसले तरी ते फिटत नाही, उलट अधिक जड होते. उंडेऱ्याचे ते २६ जण आपले धनको आहेत. ज्याला कधी काळी कोणतीही लस टोचली गेली आहे, असा आपल्यापैकी प्रत्येक जण त्यांचे काही ना काही देणे लागतो.

हाफकिन स्वतः वृद्धापकाळी आपल्या पूर्वजांच्या धर्माकडे अधिकाधिक ओढले गेले. १९१६ साली त्यांनी यहुदी धर्माचे पारंपरिक आचार पाळण्याची बाजू मांडणारा एक निबंध लिहिला, आणि १९३० साली लोझान येथे देह ठेवण्यापूर्वी आपली संपत्ती धर्मशिक्षणाच्या पाठशाळांसाठी ठेवली. प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या मनुष्याने विधिनिषेधांच्या जगात परत जावे याचे काही विद्वानांना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. ज्याने आयुष्यभर माणसांची वाटणी केली, आणि ती कितीही शुद्ध बुद्धीने केली, त्याला आपल्या बुद्धीवाचून दुसऱ्या कोणाच्या तरी आज्ञेखाली उभे राहावेसे वाटणे मला अत्यंत स्वाभाविक दिसते.

परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा स्थापन झाली, आणि १९२५ पासून ती संस्था त्यांचे नाव धारण करून आहे. ते नाव तेथे असणे सर्वथा योग्य आहे. आज अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत शवविच्छेदनास आरंभ करण्यापूर्वी विद्यार्थी देहदात्यांपुढे उभे राहून कृतज्ञतेची शपथ घेतात. ही प्रथा मला फार मोलाची वाटते, आणि ती एका पायरीने पुढे न्यावी अशी माझी सूचना आहे. ज्या विद्यार्थ्याला कधी काळी एखाद्या औषधाच्या चाचणीत रोग्यांची दोन गटांत वाटणी करावी लागेल, त्याला त्या कामास हात घालण्यापूर्वी उंडेऱ्याची व मलकोवालची हकीकत आकड्यांसह सांगितली जावी. ज्या गटाला औषध मिळणार नाही त्यातील प्रत्येकाशी त्याने रोग्याला समजेल अशा मराठीत, कोकणीत, अहिराणीत वा गोंडीत, बसून बोलावे, आणि आपला संशय अजून खरा आहे काय हे त्या माणसासमोर बसलेला असतानाच स्वतःला विचारावे. आणि तो खरा नसेल तर वही मिटून औषध द्यावे.